दोन वर्षांचा बाँड आणि कान्होजी आंग्रे

गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलवर दोनच विषय गाजत होते. एक, मेसच्या आमटीतली डाळ जाते कुठे? आणि दोन, कॅम्पसमधून लागलेला आमचा एक सिनिअर आठ महिन्यांत नोकरी सोडून परत कसा आला? कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. दोन वर्षांचा बाँड होता, त्याचे पैसे घरच्यांनी भरले. प्लेसमेंटचे सर वैतागले, कारण पुढच्या वर्षी ती कंपनी कॅम्पसला येईल की नाही याची काळजी त्यांना. त्यांचं म्हणणं, तुम्हा पोरांना धीर म्हणून नाही. सिनिअरचं म्हणणं, इंजिनिअर म्हणून घेतलं आणि आठ महिने एकाच तक्त्यात आकडे भरायला बसवलं, तुला काय येतं हे कुणी साधं विचारलंही नाही. रात्री दीड वाजेपर्यंत आमच्या विंगमध्ये यावर वाद झाला. वादाचा निकाल काही लागला नाही, दुसऱ्या दिवशीच्या जर्नल सबमिशनचा मात्र निकाल लागला!

नेमकं त्याच आठवड्यात मॅनेजमेंटच्या असाइनमेंटला विषय आला, कुशल तरुण कामगार मालकांनी कसे मिळवावेत आणि कसे टिकवावेत. बाकीच्यांनी नेटवरून उतरवून टाकला. मीही तेच करणार होतो, पण मध्ये शनिवार-रविवार आला आणि मी घरी गेलो. माझं घर अलिबागजवळ. काकांची मासेमारीची बोट आहे. घरी बघतो तर तिथेही तोच विषय! उचल घेतलेले दोन खलाशी ऐन सीझनमध्ये दुसऱ्या बोटीवर निघून गेले होते आणि काका डोक्याला हात लावून बसले होते. उचल म्हणजे तरी काय, बाँडच की हो. फक्त स्टँपपेपर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी होती, म्हणून चालत कुलाबा किल्ल्यात गेलो. लहानपणापासून शंभर वेळा गेलो असेन. पण त्या दिवशी तटावर बसल्यावर पहिल्यांदाच डोक्यात आलं, की या किल्ल्यातून आरमार चालवणाऱ्या माणसालाही हीच डोकेदुखी असणार. गलबत बांधणारा सुतार, तोफ डागणारा गोलंदाज, वारा ओळखणारा तांडेल, ही माणसं काही झाडाला लागत नाहीत. ती त्याने आणली कुठून आणि ठेवली कशी? शाळेच्या पुस्तकात कान्होजी आंग्रे आपल्याला चार ओळीत भेटतात, इंग्रजांना धडकी भरवणारे दर्यावर्दी म्हणून. त्या चार ओळींच्या पुढे जावं म्हणून मी लायब्ररीत बसलो आणि असाइनमेंट बाजूलाच राहिली.

कान्होजींचा जन्म साधारण १६६९ सालचा. मूळ आडनाव संकपाळ. पुणे जिल्ह्यातल्या आंगरवाडी गावावरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत सुवर्णदुर्गावर होते. म्हणजे बघा, घराणं देशावरचं, पण घाट उतरून समुद्रावर आलेलं. आज आपल्या हॉस्टेलवर विदर्भ, मराठवाड्यातून आलेली मुलं पहिल्यांदा समुद्र बघून जशी हरखतात, तसंच काहीसं त्यांच्या घरात एका पिढीपूर्वी झालं असणार.

कान्होजींच्या आधीची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आपल्या विषयाची पहिली केस स्टडी तीच आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी महाराजांच्या हाती आली आणि लगेच जहाजं बांधायचं मनावर घेतलं गेलं. पण मोठी लढाऊ जहाजं बांधायचं तंत्र त्या वेळी किनाऱ्यावर पोर्तुगीजांकडे. म्हणून १६५९ च्या सुमारास रुय लैतांव व्हिएगस नावाच्या पोर्तुगीज कारागिराला कामावर घेतलं. त्याच्या हाताखाली सुमारे ३४० माणसं. आजच्या भाषेत अख्खी टीमच उचलून आणली! पण वसईच्या पोर्तुगीज कप्तानाला भीती वाटली, की ही जहाजं उद्या आपल्याच अंगावर येतील. त्याने या लोकांना निरोप पाठवले, समजावलं, आणि एके दिवशी ही माणसं काम अर्धवट टाकून गुपचूप निघून गेली. ती पोर्तुगीजांची प्रजा, तिची नाळ तिकडे जोडलेली. इथे त्यांच्यासाठी काम होतं, पण कामाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

दुसरा एखादा असता तर नाद सोडून दिला असता. महाराजांनी सोडला नाही. आरमार उभं राहिलं ते मुख्यतः इथल्याच माणसांवर, कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरचे मुसलमान दर्यावर्दी यांच्यावर. दौलतखान आणि मायनाक भंडारी ही नावं त्यातूनच पुढे आली. १६७९ साली खांदेरी बेटावर किल्ला बांधायला सुरुवात झाली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून अडवायचा प्रयत्न केला. मराठ्यांच्या लहान होड्या मात्र त्यांच्या जहाजांना चुकवून रात्रीच्या वेळी सामान पोचवत राहिल्या आणि बांधकाम सुरूच राहिलं. पुढच्याच वर्षी, १६८० मध्ये, अलिबागसमोर कुलाबा किल्ल्याचं काम सुरू झालं आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. आपल्या सिव्हिलवाल्यांनी तिथला तट जरूर बघावा. मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचले आहेत. लाटेचं पाणी फटीत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. तीनशे चाळीस वर्षं झाली, तट उभा आहे.

अशा वातावरणात कान्होजी वाढले. सुवर्णदुर्गावर औरंगजेबाच्या काळात सिद्दीचा वेढा पडला तेव्हाची एक गोष्ट सांगतात. किल्लेदार शत्रूला फितूर होतोय हे कळताच तरुण कान्होजींनी त्याला कैद केलं आणि किल्ला स्वतः लढवला. एकदा सिद्दीच्या हाती सापडले, तर निसटून समुद्रातून पोहत परत आले. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडून द्या. पण नक्की आहे ते असं की १६९८ मध्ये सिधोजी गुजरांच्या मृत्यूनंतर मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी झाले. तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आत! छत्रपती राजाराम महाराज मोगलांशी जिवावरची लढाई लढत होते. खजिन्यात पैसा नाही, किल्ले एकेक करून जातायत. अशा वेळी एकोणतीस-तीस वर्षांच्या मुलाच्या हातात अख्खा किनारा दिला गेला. आपल्याकडे त्या वयात माणसाला सुट्टीच्या अर्जावरही तिघांच्या सह्या आणाव्या लागतात.

आता त्या वेळचा आपला किनारा डोळ्यासमोर आणा. मुंबईला इंग्रज. चौल-रेवदंड्याला आणि समोर कोर्लईला पोर्तुगीज. अलिबागला मराठे. खाली मुरुडच्या जंजिऱ्यात सिद्दी. आज एसटीने अर्ध्या दिवसात होईल एवढ्या टापूत चार मालक! आणि चौघांनाही हवीत तीच माणसं, वल्हं मारणारी, शीड सांभाळणारी, तोफा डागणारी, लाकूड ओळखणारी. हुशार पोराला एकीकडे पटलं नाही तर तो एका भरतीत दुसरीकडे जाऊ शकत होता. आमच्या प्लेसमेंटच्या सीझनपेक्षा तो बाजार काही वेगळा नव्हता.

या बाजारात कान्होजी कसे टिकले? त्यांच्या जहाजांकडे बघितलं की थोडं उत्तर मिळतं असं मला वाटतं. त्यांचा भर गुराब आणि गलबत या दोन प्रकारांवर. गुराब रुंद बांध्याची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. दोन डोलकाठ्यांची साधारण १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांच्या आसपास. पुढच्या टोकाला तोफा अशा बसवलेल्या की पाठलाग करताना सरळ समोर मारा करता यावा. गलबत त्याहून लहान, ७० टनांच्या आतलं, पण ४०-५० वल्ह्यांचं. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी उभं राहायचं आणि मग वल्ह्यांवरची गलबतं मागच्या बाजूने त्याला गाठायची. ही जहाजं उथळ खाडीतही शिरायची, तिथे मोठी जहाजं येऊच शकायची नाहीत. म्हणजे आपल्या माणसांना परक्या पद्धतीचं जहाज चालवायला लावण्यापेक्षा, त्यांना लहानपणापासून जे येत होतं त्यावरच सगळी रचना उभी केली. माझ्या सिनिअरला कुणी न विचारलेला प्रश्न, तुला काय येतं, तो इथे आधी विचारला गेला होता.

आणि बाहेरचा कसबी माणूस चालायचा नाही असंही नव्हतं. त्यांच्या आरमारात पोर्तुगीज होते, डच होते. गुण बघून घ्यायचं. सगळेच टिकले असंही नाही. मॅन्युएल द कास्त्रो नावाचा एक पोर्तुगीज आधी आंग्र्यांकडे होता. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला तेव्हा तो त्यांच्या बाजूला गेलेला, आणि बेटाला मदत पोचू नये म्हणून पहारा ठेवायचं काम त्याच्याकडे. त्याच्या पहाऱ्यातून आंग्र्यांच्या होड्या बेटावर पोचल्याच. हल्ला फसला. ज्याला एका मालकाकडून फोडून आणलं तो आपल्याकडे तरी मनापासून राहील कशावरून, हे इंग्रजांना तिथे कळलं. महाराजांना ते १६५९ मध्येच कळून चुकलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. इतका वेळ कान्होजी मालक म्हणून बघितले. पण ते स्वतःही कुणाचे तरी चाकर होतेच, आणि त्यांनाच टिकवायची वेळ आली होती. १७०७ नंतर मराठ्यांची गादी दोन झाली. एकीकडे ताराबाई, दुसरीकडे मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू महाराज. कान्होजी ताराबाईंच्या बाजूला. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना फौज देऊन पाठवलं, म्हणजे थोडक्यात वठणीवर आणायला. कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं आणि लोहगड घेतला! मालकाने नोटीस घेऊन मॅनेजर पाठवावा आणि कामगाराने मॅनेजरलाच केबिनमध्ये कोंडून ठेवावं, तसं झालं.

मग शाहू महाराजांनी माणूस बदलला. बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवेपद देऊन बोलणी करायला पाठवलं. बाळाजी आपल्याच किनाऱ्यावरचे, श्रीवर्धनचे. त्यांच्या घराण्याकडे तिथली देशमुखी होती, सिद्दीच्या मुलखात. सिद्दीचा जाच झाला म्हणून गाव सोडून घाटावर गेलेला हा माणूस. म्हणजे सिद्दीने हातातला एक हुशार कारभारी घालवला आणि तोच पुढे मराठ्यांचा पेशवा झाला. किनारा सोडून का जावं लागतं हे ज्याने स्वतः भोगलं, त्यालाच कान्होजींची समजूत घालायला पाठवलं, याहून योग्य निवड कोणती?

बाळाजी धमकी द्यायला गेले नाहीत. १७१४ च्या सुरुवातीला तह झाला. कान्होजींनी शाहू महाराजांना मानायचं आणि पिंगळ्यांना सोडायचं. त्या बदल्यात सरखेलपद त्यांच्याकडे कायम, दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्या ताब्यात. आरमार कसं चालवायचं यात साताऱ्याहून ढवळाढवळ नाही. काही जण म्हणतील, ही तर शरणागतीच झाली, आणि कान्होजींनी अडवून घेतलं. थोडं अडवून घेतलंच असणार, ते काही साधुसंत नव्हते. समुद्रावरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी आपला परवाना घ्यावा, नाहीतर जहाज जप्त, असा त्यांचा खाक्या होता, म्हणून तर इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकासुद्धा पकडली होती आणि तीवरच्या एका इंग्रज बाईच्या सुटकेसाठी ३०,००० रुपये घेतले होते. पण मुद्दा असा, की शाहू महाराजांना असा दुसरा माणूस मिळणार नव्हता हे बाळाजींनी ओळखलं, आणि त्याचं काम त्याच्याच हातात ठेवलं.

या निर्णयाचा हिशोब पुढच्या दहा वर्षांत मिळाला. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने आंग्र्यांना संपवायचा विडाच उचलला होता. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला, तटाला लावायच्या शिड्या अपुऱ्या पडल्या. १७१८ मध्ये खांदेरी, ते वर आलंच. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून आणला, पण त्याच्या तोफांची तोंडं पुरेशी वर उचलता येईनात, गोळे पाण्यातच! ड्रॉइंग पास करणारा कोण होता देव जाणे. १७२१ च्या शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, सोबत इंग्लंडच्या राजाच्या आरमारातला कमोडोर मॅथ्यूज. या वेळी कान्होजी एकटे नव्हते. शाहू महाराजांच्या बाजूने बाळाजींचा मुलगा बाजीराव फौज घेऊन धावून आला. हल्ला फसला, आणि मॅथ्यूजने रागाच्या भरात पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात हातातली छडी खुपसली असं इंग्रजांच्याच लिखाणात आहे. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला. एका बाजूला माणसाला अधिकार देऊन अडचणीत पाठीशी उभा राहणारा मालक, दुसऱ्या बाजूला एकमेकांवर धावून जाणारे भागीदार.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. ते असेपर्यंत त्यांचं आरमार कुणाला मोडता आलं नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर बरं वाटलं असतं. पण पुढे मुलांमध्ये भांडणं लागली आणि १७३५ मध्ये आरमार दोन भागांत वाटलं गेलं, कुलाब्याला मानाजी, दक्षिणेला संभाजी. त्याच सुमारास, १७३६ मध्ये, समोर मुंबईला इंग्रजांनी काय केलं? सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी जहाजबांधणारा आपल्या सुतारांसह मुंबईला आणला. त्याच्यावर गोदीचं काम सोपवलं, आणि त्याच्या मुला-नातवंडांनीही तेच काम पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालवलं. वाड्यांनी १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं त्रिंकोमाली जहाज आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे. शिड्या अपुऱ्या पडणारी कंपनी चुकांमधून शिकली होती.

आणि आपण? संभाजीनंतर तुळाजी आंग्रे आला. तो पेशव्यांना जुमानत नव्हता हे खरं. पण कान्होजी तरी कुठे जुमानत होते? बाळाजी विश्वनाथांनी बोलून जे मिळवलं होतं, ते त्यांच्या नातवाने, नानासाहेब पेशव्यांनी, इंग्रजांच्या मदतीने मोडून काढलं. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून खाक झालं. तुळाजी उरलेलं आयुष्य कैदेत राहिला. जहाजं पुन्हा बांधता येतात हो. पण दोन-तीन पिढ्यांत तयार झालेली माणसं एकदा पांगली की ती पुन्हा त्याच ठिकाणी गोळा होत नाहीत. समुद्रावर इंग्रजांना अडवेल अशी ताकद या किनाऱ्यावर त्यानंतर उभी राहिली नाही.

असाइनमेंटमध्ये मी एवढंच लिहिलं. माणूस फोडून आणता येतो, पण बांधून ठेवता येत नाही. त्याला जे येतं ते काम द्या, ते त्याच्या हातात राहू द्या, आणि तो अडचणीत असताना त्याच्या बाजूला उभे राहा. बाँड, उचल, नोटीस ही सगळी त्यानंतरची साधनं. सरांनी दहापैकी सात दिले आणि शेरा मारला, की विषय सोडून इतिहास लिहिला आहे. काकांना सगळी गोष्ट सांगितली तर ते हसले आणि म्हणाले, कान्होजींना डिझेल विकत घ्यावं लागत नव्हतं. तेही बरोबरच आहे! पण त्यानंतरच्या फेरीला, जुने दोघे गेल्यावर आलेल्या पोराच्या हातात त्यांनी थोडा वेळ सुकाणू दिलं, असं काकूकडून कळलं. तो पोरगा राहतो की जातो ते सीझन संपल्यावर दिसेल.

माझं म्हणाल तर पुढच्या महिन्यात माझाही इंटरव्ह्यू आहे. बाँड इथेही आहे, दोन वर्षांचाच. शेवटी काही विचारायचंय का, असं विचारतात ना, तेव्हा आपण सगळे मान हलवून नाही म्हणतो आणि बाहेर येतो. या वेळी मी विचारणार आहे, पहिल्या सहा महिन्यांत माझ्या हातात नक्की कोणतं काम देणार? उत्तर काय मिळतं ते पुढच्या अंकात कळवतो. आणि तुम्ही अलिबागला गेलात तर ओहोटी बघून किल्ल्यात जरूर जा. फक्त भरतीच्या आधी परत या, नाहीतर हॉस्टेलचं गेट बंद होईल!